दुधी दिव्याची कुळकथा

विजेचा दिवा प्रथम घरात आला, तेव्हा त्याच्याकडे पाहणे डोळ्यांना फारसे जड जात नव्हते. १८७९ साली एडिसनने सिद्ध केलेल्या दिव्यातील कोळशाची तार तांबूस, मंद उजेड देई. ही स्थिती पालटली ती टंगस्टनमुळे. १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज याने या ठिसूळ धातूची लवचीक तार काढली. १९१३ साली अर्व्हिंग लँगम्यूर याने त्या तारेचे वेटोळे करून ते निष्क्रिय वायूने भरलेल्या काचेच्या गोळ्यात बसविले. तार अधिक तापू लागली, प्रकाश वाढला. पण तो सारा इवल्याशा जागेतून बाहेर पडू लागला. डोळे दिपतात ते प्रकाशाच्या राशीपेक्षा त्याच्या या एकवटण्याने.

उपाय ठाऊक नव्हता असे नाही. काच खरखरीत केली की किरण विखुरतात आणि तारेऐवजी सगळा गोळाच उजळतो. मात्र बाहेरून खरखरीत केलेल्या काचेवर धूळ बसे आणि ती पुसून निघता निघत नसे. आतून हायड्रोफ्लुओरिक आम्लाने काच कोरावी, तर त्या सूक्ष्म खळग्यांच्या टोकदार कोपऱ्यांशी ताण साचे आणि जराशा धक्क्याने गोळा फुटे.

१९२५ साली अमेरिकेत क्लीव्हलंडजवळ, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या नेला पार्क येथे मार्व्हिन पिपकिन या रसायनज्ञाने ही अडचण दूर केली. आतून कोरलेल्या काचेवर त्याने सौम्य आम्लाची दुसरी प्रक्रिया केली. टोकदार खळगे बशीसारखे उथळ, गोलसर झाले आणि गोळा धक्के सोसू लागला. याची एक आख्यायिका सांगतात. नवख्याची थट्टा म्हणून हे ‘अशक्य’ काम त्याच्या गळ्यात मारण्याची तेथे चाल होती. पिपकिनने ते मनावर घेतले. सौम्य आम्ल घातलेला एक गोळा टेलिफोन आल्यामुळे तसाच राहिला आणि पुढे हातून पडूनही फुटला नाही! कथा रंगतदार आहे. म्हणूनच ती जपून घ्यावी.

न्यायालयाचे दप्तर अधिक रूक्ष, पण विचार करावयास लावणारे आहे. या गोळ्याचे पेटंट १९२८ साली मंजूर झाले. पुढे दिवे बनविणाऱ्या अन्य कंपनीशी त्यावरून खटला चालला आणि १९४५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नावीन्याअभावी अवैध ठरविले. (त्याची सतरा वर्षांची मुदतही त्याच साली सरत होती!) काच आतून कोरणे आणि तिच्यावर दुसरी आम्लप्रक्रिया करणे या दोन्ही गोष्टी पूर्वीच्या होत्या, जुन्या वस्तूत आजवर कोणाच्या ध्यानी न आलेला गुण हेरणे म्हणजे नवा शोध नव्हे, असा निकालाचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने हे यथार्थ असेल. परंतु तो गुण ध्यानी येईपर्यंत न फुटणारा दुधी दिवा घरोघर पोहोचला नव्हता, हेही तितकेच खरे.

पिपकिन मात्र त्याच प्रश्नामागे राहिला. १९४० नंतरच्या दशकाअखेर त्याने काचेला आतून सिलिकाच्या अतिसूक्ष्म पुडीचा लेप देण्याची रीत सिद्ध केली. त्या लेपातून तारेच्या जागी दिसणारा झगझगीत ठिपकाही जवळजवळ लोपला.