गोल पेशींचा माग

जेम्स युइंग चौदा वर्षांचे असताना त्यांच्या मांडीच्या हाडात पू झाला आणि दोन वर्षे अंथरुणात गेली. पिट्सबर्गचा हा मुलगा पुढे न्यूयॉर्कमध्ये विकृतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. १९२१ साली त्यांनी हाडाच्या एका वेगळ्या कर्करोगाचे वर्णन छापले; त्याला आज युइंग सार्कोमा म्हणतात. हा रोग बहुतेक त्याच वयाच्या मुलामुलींना गाठतो आणि पुष्कळदा हाडातल्या पूसारखाच दिसतो. ताप येतो, जागा सुजते, रात्री ठणका लागतो. आजही कित्येक मुले आधी महिनोन्‌महिने प्रतिजैविके घेतात, नाहीतर मुरगळले म्हणून मालिश करून घेतात. गाठीचा तुकडा तपासायला जातो तो बऱ्याच उशिराने.

युइंग यांना शंका आली ती किरणांमुळे. त्यांच्या पाहण्यात आलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात, कोपर आणि मनगट यांच्यामध्ये, हाडाची गाठ होती. तिला रेडियमचा शेक दिला आणि गाठ विरघळत गेली. हाडाच्या नेहमीच्या कर्करोगावर किरणांचा असा परिणाम होत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पेशी लहान, गोल, दाटीने बसलेल्या; नवे हाड तयार केल्याची खूण कुठेच नव्हती. ही गाठ रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उगवते, असा युइंग यांचा कयास होता. तो पुढे टिकला नाही. हा आजार निराळा आहे, हे मात्र त्यांनी बरोबर ओळखले होते.

विरघळलेली गाठ फुप्फुसात पुन्हा उगवायची, हे दुःख मात्र पन्नास वर्षे तसेच राहिले. केवळ शस्त्रक्रिया किंवा शेक यांवर दहातला जेमतेम एक रुग्ण वाचत असे. १९७०च्या दशकात अनेक औषधे एकत्र देणारी केमो आली आणि चित्र पालटले. रोग पसरण्याआधी उपचार मिळालेल्या मुलांपैकी चांगल्या केंद्रांत आता सुमारे सत्तर टक्के जगतात. ही मजल एखाद्या अलौकिक औषधाने मारलेली नाही. आजार इतका विरळा की पाश्चात्त्य नोंदींत वीस वर्षांखालील दहा लाखांमागे वर्षाला साधारण तीन रुग्ण आढळतात. कुठल्याही एका डॉक्टरला आयुष्यभरात पुरेसे रुग्ण दिसणार नाहीत. म्हणून अनेक रुग्णालयांनी आपले रुग्ण एकाच आराखड्याखाली आणले, एकाच पद्धतीने लिहून ठेवले. या आजारातली प्रगती मुळात चिकाटीने लिहिलेल्या कागदांची आहे, असे मला मनापासून वाटते.

अशाच जमवाजमवीतून या आजाराची खरी वंशावळ हाती आली. १९८३ साली फ्रेंच संशोधकांना या पेशींत ११ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदललेले दिसले. १९९२मध्ये त्या सांध्यावर जुळून तयार झालेले जनुक ओळखले गेले. तोवर छातीच्या भिंतीतल्या, मज्जातंतूंजवळच्या, स्नायूंतल्या काही गाठींना वेगवेगळी नावे होती. त्यांतही हाच सांधा सापडला. हाडातली आणि मऊ ऊतीतली, दोन्ही भावंडे एका घरची निघाली.

या उलगड्याचा थेट धागा बेंगळुरूच्या कर्करोग नोंदवहीपर्यंत येतो. रफी अहमद किदवई यांचे नाव असलेली किदवई कर्करोग संस्था तिथे १९७३मध्ये उभी राहिली. १९८१च्या अखेरीस भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आखला, आणि १९८२पासून मुंबई, चेन्नई व बेंगळुरू इथल्या लोकसंख्येची नोंद या कार्यक्रमाखाली सुरू झाली. बेंगळुरूची वही किदवईत ठेवली गेली. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि मृत्युनोंदी धुंडाळून एकेक नाव जुळवतात. एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये, याची काळजी घेतात. या कामाचे कौतुक फार थोडे होते.

अशा वहीत युइंगची गाठ फार काळ विखुरलेली होती. हाडातली असेल तर हाडाच्या रकान्यात, मांडीच्या स्नायूतली असेल तर मऊ ऊतीच्या रकान्यात. पेशीच्या प्रकारालाही दोन आकडे होते: युइंग सार्कोमाला ९२६०, तिच्या मज्जातंतूकडच्या भावंडाला ९३६४. आता दोघींना ९३६४ हा एकच आकडा मिळतो. आणखी एक पेच सीमाभागाशी जोडलेला आहे. बेळगावचा मुलगा किदवईत उपचाराला आला, तर रुग्णालयाच्या वहीत तो येतो. बेंगळुरू शहराच्या लोकसंख्येच्या वहीत येत नाही, कारण तिथे फक्त शहरातल्या रहिवाशांची गणना होते. म्हणूनच दोन्ही वह्या लागतात.

मुंबईत टाटा रुग्णालयाने याच चिकाटीने एक मोठा प्रश्न सोडवला. गाठ कापून काढणे शक्य नसेल, तर शेक किती द्यायचा? २००५ ते २०१५ या काळात तिथे अशा ९५ रुग्णांची चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला ५५.८ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक), दुसऱ्याला ७०.२ ग्रे. पाच वर्षांनी त्या जागी रोग आटोक्यात राहिलेले रुग्ण पहिल्या गटात सुमारे ४९ टक्के होते, दुसऱ्यात ७६. देशातल्या सर्वांत मोठ्या कर्करोग रुग्णालयालाही ९५ जण गोळा करायला दहा वर्षे लागली.

शस्त्रक्रिया शक्य असेल तिथे टाटातले अस्थिशल्यविशारद आणखी एक उपाय करतात. हाडाचा रोगट भाग कापून बाहेर काढतात, त्याला एकाच बैठकीत ५० ग्रे किरणे देऊन त्यातल्या सगळ्या पेशी मारतात आणि तेच हाड पट्ट्या-स्क्रूंनी पुन्हा जागेवर बसवतात. परदेशी कृत्रिम हाडाचा खर्च वाचतो, आणि मुलाचे स्वतःचे हाड असल्याने माप तंतोतंत जुळते. दोन्ही टोके जिवंत हाडाशी सांधायला महिने जातात. तोवर कुबड्या असतात, केमोच्या फेऱ्या असतात आणि दर वेळी नवा एक्स-रे.