यंत्र स्वस्त, चित्र महाग

कामगार चळवळीत उभे आयुष्य घातलेल्या माणसाने उपग्रहांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हत्यार कोणाच्या हाती आणि कच्चा माल कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न आमच्या रोजच्या परिचयाचा. आणि या इतिहासाच्या मुळाशीही तोच आहे.

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. त्याच्या एका चित्रात १८५ किलोमीटर लांबीरुंदीचा मुलूख मावत असे. ते चित्र म्हणजे वास्तविक आकड्यांचे कोष्टक होते: जमिनीचा सुमारे ८० मीटरांचा एकेक तुकडा आणि त्यावरून परतलेल्या प्रकाशाचे चार आकडे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंची तुलना केली की पीक कोठे आणि उजाड रान कोठे, ते कळते. गणित शाळकरी, पण ते लक्षावधी वेळा करायचे. म्हणून ही विद्या आरंभी मोठे संगणक बाळगणाऱ्या संस्थांकडेच राहिली.

१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला. त्या पिढीतल्या यंत्रांची स्मृती फार तर ६४० किलोबाइट, फ्लॉपीवर मावत ३६०. आणि पूर्ण चित्र सुमारे तीन कोटी बाइटांचे! तेव्हा ५१२ ओळींचा व तितक्याच रकान्यांचा तुकडा कापून घ्यावा, एक ओळ वाचावी, हिशेब करावा, उतरवून ठेवावा, मग पुढची ओळ घ्यावी, अशी युक्ती निघाली. १९८७ साली अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात रोनाल्ड ईस्टमन यांनी अशा यंत्रांसाठी स्वस्त आज्ञावली रचली आणि तिला बाराव्या शतकातील भूगोलवेत्ता अल्-इद्रिसी याचे नाव दिले.

हत्यार हाती आले; पण माल? १९८४ च्या अमेरिकन कायद्याने लँडसॅटची चित्रे विकण्याचे काम खासगी कंपनीकडे जाण्याची वाट मोकळी झाली. पुढे एका चित्राला चार हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागू लागले. माग विणकराच्या घरात आणि सूत व्यापाऱ्याच्या कोठारात, अशीच ही गत!

२००८ साली अमेरिकन सरकारने हा साठा विनामूल्य खुला केला. २००१ साली सुमारे २५ हजार चित्रे विकली गेली होती. खुली झाल्यावर काही वर्षांतच वर्षाला दहा लाखांहून अधिक चित्रे लोकांनी उतरवून घेतली. गरज होतीच, ऐपत नव्हती.

यंत्र स्वस्त झाले म्हणजे ज्ञान आपोआप सर्वांचे होते, हा भ्रम आहे. जनतेच्या पैशाने उडालेल्या उपग्रहाचे चित्र जनतेलाच मिळाले पाहिजे, हे कोणीतरी ठरवावे लागते. आणि ते ठरवायला भाग पाडणे, हे संघटित लोकांचे काम आहे.