मूत्राशयातील दाबाचे मोजमाप : प्रकाशतंतू संवेदकांचे कार्य आणि मर्यादा

मूत्रविकारांच्या निदानासाठी मूत्राशयातील दाब मोजण्याची प्रचलित पद्धत पाण्याने भरलेल्या बारीक नलिकेची आहे. प्रकाशतंतू संवेदक हा तिला उपलब्ध असलेल्या पर्यायांपैकी एक आहे. या संवेदकामुळे मोजमापातील काही जुने दोष टळतात. मात्र त्याने दाखविलेला आकडा जुन्या पद्धतीच्या निकषांवर जसाच्या तसा पारखता येत नाही.

मोजमापाचे महत्त्व

निरोगी मूत्राशय भरताना सैलावत जातो, त्यामुळे आतील दाब फारसा वाढत नाही. मेरुरज्जूला इजा झालेल्या अथवा त्यात जन्मजात दोष असलेल्या रुग्णांत हे नियंत्रण बिघडू शकते. दाब दीर्घकाळ चढा राहिल्यास मूत्रपिंडांतून मूत्र उतरण्यास अडथळा येतो व मूत्रपिंडांना हानी पोहोचते. असा जन्मजात दोष असलेल्या रुग्णांचा अभ्यास अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ एडवर्ड मॅग्वायर व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. मूत्रगळती सुरू होताना दाब ४० सेंटीमीटर जलस्तंभाहून अधिक असल्यास हा धोका वाढतो, असे त्यातून दिसून आले.

मूत्राशयाच्या स्नायूचा दाब थेट मोजता येत नाही. मूत्राशयातील एकूण दाबातून पोटातील दाब वजा करून तो काढला जातो. पोटातील दाबासाठी दुसरी नलिका सामान्यतः गुदाशयात ठेवतात.

कार्यपद्धती

पाण्याच्या नलिकेत हवेचा बुडबुडा राहिल्यास किंवा गळती झाल्यास दाबाची नोंद मंदावते. रुग्णाच्या हालचालीने नलिका हलली, तरी आलेखात खोटे चढउतार उमटतात. प्रकाशतंतू संवेदक नलिकेच्या टोकाशीच असल्याने पाण्याच्या स्तंभाची गरज उरत नाही.

फाब्री-पेरो प्रकारच्या संवेदकात तंतूच्या टोकाशी दोन परावर्तक पृष्ठभागांमध्ये अतिसूक्ष्म पोकळी असते. त्यांपैकी एक पृष्ठभाग पातळ पडद्याचा असतो. दाबाने पडदा वाकला की पोकळीची रुंदी बदलते, परतणाऱ्या प्रकाशाचे स्वरूप बदलते आणि त्यावरून दाब काढला जातो. संवेदकातून वीजप्रवाह जात नसल्याने विद्युतचुंबकीय व्यत्ययाचा त्यावर परिणाम होत नाही. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदर सिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत १९५४ मध्ये तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे दाखविले होते. कपानी यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

मर्यादा

पाण्याच्या पद्धतीत दाबमापक शरीराबाहेर, जघनास्थीच्या वरच्या कडेच्या पातळीवर ठेवला जातो. त्यामुळे नलिकेचे टोक आत कोठे आहे, याने आकडा बदलत नाही. टोकावरील संवेदक मात्र स्वतःच्या जागेवरील दाब सांगतो. तो १ सेंटीमीटर खाली असल्यास आकडा सुमारे १ सेंटीमीटर जलस्तंभाने वाढतो.

उदाहरणार्थ, मूत्राशयात ६० व पोटात १८ सेंटीमीटर दाब असल्यास स्नायूचा दाब ४२ ठरतो. गुदाशयातील संवेदक ५ सेंटीमीटर खाली असेल, तर पोटातील दाब २३ दिसतो आणि उत्तर ३७ येते. धोक्याच्या रेषेवर असलेला रुग्ण कागदावर सुरक्षित भासतो.

संवेदकाचे शून्य शरीरात घालण्यापूर्वी, वातावरणाच्या दाबाला निश्चित करावे लागते. तपासणी सुरू असताना ते सरकले, तर आत असलेल्या संवेदकावर ते पुन्हा पडताळणे कठीण असते. शिवाय तंतू नाजूक असून उपकरणाचा खर्चही अधिक असतो.

कोणत्याही पद्धतीत रुग्णाला मधूनमधून खोकण्यास सांगितले जाते. त्या वेळी दोन्ही आलेख सारखेच उसळले, तर दोन्ही नलिका दाब नीट टिपत असल्याची खात्री पटते. मात्र संवेदकांच्या उंचीतील फरक या चाचणीत उघड होत नाही. त्यामुळे अहवालात दाबासोबत वापरलेली पद्धत व संदर्भपातळी नमूद असणे आवश्यक ठरते.