पाचशे एकेचाळीस प्रश्न

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ते गल्लीतले खासगी इस्पितळ, बहुधा बाळंतपणाचे. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. पक्षाघात झालेली, मांडीचे हाड मोडलेली, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली माणसे जिथे राहतात ते तिथले नर्सिंग होम. काही जण चार आठवडे व्यायामोपचार घेऊन घरी परततात, पुष्कळ जण अखेरपर्यंत तिथेच राहतात. अशा घरातली देखभाल चांगली की वाईट, हे कोणी आणि कसे ठरवायचे? प्रश्न साधा वाटतो. त्याच्या मागे मात्र साठ वर्षांचा झगडा आहे.

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर सही केली. म्हाताऱ्यांच्या आणि गरिबांच्या औषधपाण्याचा खर्च सरकार देऊ लागले आणि नर्सिंग होम हा चांगला चालणारा धंदा झाला. सरकारचा पैसा आला, तेव्हा सरकारचा तपासनीसही आला. तपासायचे काय? जानेवारी १९७० मध्ये ओहायो राज्यातल्या मॅरिएटा इथे एका नर्सिंग होमला आग लागली. गालिच्याच्या फोम रबरी अस्तराचा धूर झाला आणि तीसहून अधिक वृद्ध दगावले. अशा घटना ताज्या असताना तपासनिसांनी जिने, दरवाजे आणि गालिचे पाहिले तर त्यांना दोष देता येणार नाही. पण इमारत सुरक्षित आहे म्हणून आतल्या माणसाला वेळेवर पाणी मिळते, असे थोडेच आहे?

हाच मुद्दा १९७५ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या एका खटल्याने ऐरणीवर आणला. मायकेल पॅट्रिक स्मिथ आणि त्यांच्यासारखे नर्सिंग होममध्ये राहणारे मेडिकेडचे लाभार्थी सरकारविरुद्ध न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की, तुम्ही आमच्या नावाने पैसे मोजता. मग ज्यासाठी मोजता ती सेवा आम्हाला मिळते की नाही, हे पाहणे तुमचे काम आहे. सुनावणीत सरकारचा तपासणीचा फॉर्म पुढे आला. त्यात ५४१ प्रश्न होते. त्यांपैकी ओढूनताणून का होईना, रुग्णाच्या देखभालीशी संबंध लावता येईल किंवा ज्यांच्यासाठी रुग्णाकडे बघावे लागेल, असे प्रश्न निघाले फक्त ३०!

बाकीच्या पाचशेंचा रोख एकच होता: सेवा देण्याची सोय आहे का? आहाराचे धोरण लेखी आहे का, हे कागद पाहून कळते. ताटातले अन्न पोटात गेले का, हे मात्र माणसाजवळ बसल्याशिवाय कळत नाही. खालच्या न्यायालयाने रुग्णाकडे पाहून तपासणी करता येईल हे मान्य केले, पण तशी ती करण्याचे बंधन मंत्र्यांवर नाही, असा निकाल दिला. १९८४ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. घरात सेवा देण्याची क्षमता आहे एवढे पाहून भागणार नाही, सेवा प्रत्यक्ष दिली जाते का हेही पाहिले पाहिजे, असे त्याने बजावले. तोवर स्मिथ हयात नव्हते. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘एस्टेट ऑफ स्मिथ’ म्हणजे स्मिथ यांच्या वारसासंपत्तीच्या नावाने नोंदलेला आहे तो त्यामुळेच.

पुढच्याच वर्षी एका नागरिक संघटनेने एक साधी गोष्ट केली, जी सरकारला वीस वर्षांत सुचली नव्हती. तिने पंधरा शहरांतल्या चारशेहून अधिक रहिवाशांनाच विचारले की, चांगली देखभाल म्हणजे काय? उत्तरांत सर्वांत वर आली ती काम करणारी माणसे. ती पुरेशी हवीत आणि त्यांचे वागणे मायेचे हवे. इमारत आणि जेवण त्यानंतर.

१९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीचा अहवाल आला. समितीचे अध्यक्ष होते डॉ. सिडनी कॅट्झ. या गृहस्थांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. क्लीव्हलंडमध्ये मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धांना ते वर्षानुवर्षे न्याहाळत होते. आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, खाटेवरून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे, या सहा गोष्टींवरून माणूस किती स्वावलंबी आहे हे मोजण्याची पद्धत त्यांनी १९६३ मध्ये मांडली. त्यांच्या असे ध्यानात आले की, बरा होणारा म्हातारा या गोष्टी साधारण त्याच क्रमाने पुन्हा मिळवतो, ज्या क्रमाने लहान मूल त्या शिकते. आधी घास तोंडात, आंघोळ सर्वांत शेवटी. ही मोजपट्टी आजही जगभर वापरात आहे. इमारत मोजता येते तसा माणूसही मोजता येतो, हे दाखवणारे हे डॉक्टर.

डिसेंबर १९८७ मध्ये नवा कायदा झाला. प्रत्येक रहिवाशाची ठरावीक नमुन्यात नोंद, न सांगता येणारे तपासनीस, सेवकांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, आणि सोयीसाठी कोणालाही बांधून ठेवायचे नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुमारे चाळीस टक्के रहिवाशांना पट्ट्यांनी खाटेला किंवा खुर्चीला बांधत असत. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली गेले. कायद्याचे एवढे एकच फळ असते, तरी मी त्याला मोठे म्हटले असते.

पण पट्टे सुटले, तरी गुंगीची औषधे होतीच. त्यांचा वापर गुणांकनात धरला जाऊ लागला, तेव्हा एक फट सापडली: स्किझोफ्रेनियाचे निदान असलेला रुग्ण त्या हिशेबातून वगळला जातो. मग काही ठिकाणी उतारवयात अचानक हे निदान होऊ लागले. २०२३ मध्ये सरकारला या निदानांचीच तपासणी सुरू करावी लागली.

ताऱ्यांचेही तसेच झाले. डिसेंबर २००८ पासून हॉटेलांसारखे नर्सिंग होमला एक ते पाच तारे मिळू लागले. वृद्धाला कुठे ठेवावे या विवंचनेत असलेल्या कुटुंबाला तेवढाच आधार. मात्र कामावर किती परिचारिका असतात, हा आकडा घरे स्वतःच कळवीत; तोही तपासणीच्या सुमाराच्या दोन आठवड्यांचा. पाहुणे येणार म्हटल्यावर पलंगावर नवी चादर घालावी, त्यातलाच प्रकार! २०१६ पासून पगारपत्रकावरून रोजची हजेरी कळवणे सक्तीचे झाले आणि २०१८ पासून तारे त्यावर ठरू लागले. कळवलेली आणि खरी हजेरी यांतली तफावत तेव्हा उघड झाली. शनिवार-रविवारी तर माणसे फारच कमी दिसली. २०२२ पासून सुट्टीच्या दिवसांची हजेरी आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण, दोन्ही गुणांकनात धरतात.

प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला किमान ३.४८ तास देखभाल मिळालीच पाहिजे, असा नियम २०२४ मध्ये केला गेला. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधल्या न्यायालयाने तो रद्द केला. हजेरीचे आकडे मात्र सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. तिकडे ज्यांचे आईवडील किंवा सासूसासरे अशा घरात ठेवायची वेळ येते, त्या मराठी कुटुंबांनी ताऱ्यांच्या आधी रविवारचा रकाना पाहावा.