यंत्राला दिलेले नाव : अमेरिकेतील वाफेच्या लाकूडगिरण्या

जुन्या यंत्रांवर जीव टाकणाऱ्यांचा एक मोठा समाज अमेरिकेत आहे. आयोवा राज्यातील माउंट प्लेझंट या गावी १९५० पासून जुन्या वाफेच्या इंजिनांचा मेळा भरत आला आहे. कॅलिफोर्नियात सेबास्टोपोलजवळ स्टर्जन्स मिल नावाची लाकूड कापण्याची जुनी गिरणी आहे. तिचा धंदा १९६४ साली थांबला. पण वर्षातले मोजके दिवस हौशी स्वयंसेवक तिचा बॉयलर पेटवतात, करवत फिरू लागते आणि माणसे मुलाबाळांना घेऊन ते पाहायला जातात. ओरेगॉनमधील हल-ओक्स ही गिरणी तर २०१३ पर्यंत वाफेवरच धंदा करीत होती. मग तीही विजेवर गेली.

या ओढीला मी हसणार नाही. बाबासाहेबांच्या विचारावर वाढलेल्या माणसाने यंत्राची घृणा करण्याचे कारणच नाही. ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स’ या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी चरख्याच्या तत्त्वज्ञानाची झाडाझडती घेतली ती याच मुद्द्यावर. यंत्र नसेल तर कष्टकऱ्याला फुरसत मिळत नाही, आणि फुरसत नसेल तर जनावराच्या जिण्यातून त्याची सुटका नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. यंत्र येण्यापूर्वी लाकूड कसे कापले जाई ते आठवून पाहा. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकलेला. लांब करवतीचे एक टोक धरून एक माणूस वर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. खालच्याच्या डोळ्यांत आणि नाकातोंडात दिवसभर भुसा. गेलेल्या काळाचे गोडवे गाणारे त्या खड्ड्यात सहसा उतरलेले नसतात.

वाफेच्या गिरणीची मोहिनी तिच्या उघडेपणात आहे, असे मला वाटते. आजचे यंत्र म्हणजे बंद पेटी. कळ दाबली की काम होते, पण शक्ती कोठून आली आणि कोठे गेली याचा पत्ता लागत नाही. इथे सगळे डोळ्यांदेखत घडते. बॉयलरखाली जळते ते गिरणीचेच उष्टे, म्हणजे भुसा, साल, कडेचे निरुपयोगी तुकडे. गिरणी आपलाच कचरा खाऊन चालते. वाफेने दट्ट्या हलतो, दट्ट्याने मोठे चक्र फिरते, चक्रावरून निघालेले पट्टे एकामागून एक यंत्र जागे करतात. बाहेरच्या तळ्यात तरंगणारे ओंडके साखळीने वर ओढले जातात आणि रुळांवरच्या गाड्यावर जखडले जातात. दक्षिणेकडच्या मोठ्या गिरण्यांत हा गाडा हाकायला एक लांबलचक वाफेचे नळकांडे असे. त्यातला दट्ट्या गाड्याला करवतीकडे असा भिरकावी की बंदुकीतून गोळी सुटावी. गाड्यावर माणसे स्वार असत. करवतीकडे जायचे, झटक्यात मागे यायचे, पुन्हा जायचे, असे दिवसभर. आवाज एवढा की बोलणे ऐकू येत नसे. करवतीवरचा मुख्य कारागीर बोटांच्या खुणा करी आणि गाड्यावरचा माणूस फळीची जाडी त्याप्रमाणे ठरवी. आमच्या वस्तीशेजारच्या वखारीतही अशीच बोटांची भाषा चाले. ती पाहताना शाळेची घंटा मला अनेकदा ऐकू आलेली नाही.

ओंडक्याची एक बाजू कापून झाली की तो गाड्यावरच उलटावा लागे. वजन प्रचंड. पूर्वी हे काम मजूर पहारी आणि आकडे लावून करीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यासाठी एक यंत्रभाग निघाला. गाड्याशेजारच्या फरशीतून वाफेच्या जोराने दातेरी लोखंडी खांब उसळून वर येई आणि ओंडक्याला धक्का देऊन क्षणात पालथा करी. पाहणाऱ्याचा श्वास अडकावा असे ते दृश्य असे. या यंत्रभागाचे त्या धंद्यातले अधिकृत नाव होते ‘स्टीम निगर’.

हे नाव कोणी रागाच्या भरात उच्चारलेली शिवी नव्हती. ते यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांच्या छापील सूचीत होते, धंद्याच्या मासिकांत होते, शब्दकोशांतही गेले. इंजिनिअर ते नाव नकाशावर लिहीत, मालक मागणीपत्रात लिहीत, आणि कोणाची लेखणी अडखळत नसे. काळ्या मजुरांचे काम हा खांब करू लागला म्हणून त्याला त्यांचे नाव पडले, असा खुलासा दिला जातो. खुलासा खरा धरला तरी काय निघते? दणकट, मुका, हुकमाबरोबर उसळणारा आणि बदली करता येणारा लोखंडी खांब पाहून त्या गोऱ्या मनाला काळा माणूस आठवला. जातीचे नाव शिवीसारखे वापरणाऱ्या आणि त्या वापराला ‘नुसती म्हण आहे हो’ म्हणून झटकून टाकणाऱ्या समाजात जन्मलेल्या माणसाला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही. आज त्या भागाला ओंडका फिरवणारे यंत्र एवढेच म्हणतात. शिवी गेली हे बरेच झाले. पण शिवीबरोबर त्या माणसाचा उल्लेखही गेला, तेव्हा काय शिल्लक राहिले, असा प्रश्न मला पडतो.

कारण तो माणूस गिरणीच्या कडेला उभा नव्हता, गिरणीच्या पोटात होता. टेक्सासपासून व्हर्जिनियापर्यंत लांब सुयांच्या पाइनचे जंगल एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेले होते. १८८० नंतरच्या पन्नासएक वर्षांत ते जवळजवळ साफ झाले. ज्या हातांनी ते कापले, ओढले, चिरले आणि रचले त्यांतले फार मोठ्या संख्येने काळे होते. गुलामगिरी १८६५ साली संपली तेव्हाच्या माणसांची मुले आणि नातवंडे. करवतीवरचा कारागीर, पात्याचे दाते घासणारा, इंजिन सांभाळणारा या जागा बहुतेक ठिकाणी गोऱ्यांच्या. तळ्यातले काम, ओल्या फळ्या उचलण्याचे, थप्प्या रचण्याचे काम काळ्यांचे. कंपनीच्या गावातही त्यांची घरे वेगळ्या भागात. मजुरी अनेक ठिकाणी कंपनीच्या टोकनांत मिळे, आणि टोकन चाले ते कंपनीच्याच दुकानात.

इथे मला मुंबई आठवते. कापडगिरणीतही वाफ होती, भोंगा होता, पट्टे होते. तरी विणकाम खात्यात अस्पृश्याला जागा नव्हती. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याच्या थुंकीने सवर्ण कामगार बाटला असता. जादा मजुरीचे खाते त्यामुळे बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि कामगार पुढाऱ्यांची अडचण झाली. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ साली लिहिले. त्यामागे गिरणीच्या त्या खात्याचे बंद दारही असले पाहिजे, असे माझे मत आहे. यंत्र जात मोडते म्हणतात. यंत्राभोवती माणसे कोण उभी करतो, त्यावर ते अवलंबून आहे.

श्रमिकांची ही विभागणी त्या जंगलात मोडायचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. लुइझियाना आणि टेक्सासमध्ये १९१० च्या अखेरीस ‘ब्रदरहुड ऑफ टिंबर वर्कर्स’ ही संघटना उभी राहिली. काळे-गोरे दोघेही तिचे सभासद, पण बैठका वेगळ्या. मे १९१२ मध्ये अलेक्झांड्रिया येथील अधिवेशनात बिल हेवूड आले आणि काळे प्रतिनिधी सभागृहात का नाहीत, असे त्यांनी विचारले. कायदा आड येतो, असे उत्तर मिळाले. मग तो कायदा मोडलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. आणि त्या दिवशी काळे आणि गोरे एका छताखाली बसले. दोन महिन्यांच्या आत, ७ जुलै १९१२ रोजी, ग्रॅबो येथे गिरणीसमोर गोळीबार होऊन माणसे मेली. खटला मजुरांवरच भरला गेला. ते निर्दोष सुटले, पण मालकांच्या काळ्या याद्यांनी आणि टाळेबंदीने संघटना थोड्याच वर्षांत संपली.

त्याहून मोठी घटना बोगालुसाची. लुइझियानातील हे गाव ‘ग्रेट सदर्न लंबर कंपनी’ने वसवले. १९०८ साली सुरू झालेली तिची गिरणी जगातली सर्वांत मोठी म्हणून मिरवत असे. १९१९ साली तिथल्या काळ्या लाकूडकामगारांचा पुढारी होता सोल डेकस. २१ नोव्हेंबरच्या रात्री जमावाने त्याच्या घरावर गोळ्या झाडल्या. तो दलदलीत लपून वाचला. दुसऱ्या दिवशी दोन गोरे कामगार हातात बंदुका घेऊन त्याच्या दोन बाजूंनी गावच्या मुख्य रस्त्याने चालत निघाले. कामगार परिषदेचा अध्यक्ष लम विल्यम्स याच्या गॅरेजपर्यंत ते पोहोचले. कंपनीच्या बाजूचे हत्यारबंद लोक तिथे चालून आले. विल्यम्स आणि आणखी तीन गोरे कामगार मारले गेले. डेकस निसटला. एका काळ्या माणसाच्या संघटनेच्या हक्कासाठी दक्षिणेतल्या चार गोऱ्यांनी प्राण द्यावेत, ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती. सवर्ण कामगारांशी एकजूट शक्य नाही असे आपल्यातले काही जण आजही छातीठोकपणे सांतात. तिची किंमत काय पडते हे पाहण्यासाठी तरी त्यांनी हा प्रसंग वाचावा. आणि एकजुटीचे नाव घेऊन जातीचा प्रश्न बाजूला ठेवणाऱ्यांनीही. ते दोन गोरे डेकसला ‘आधी वर्ग, मग वर्ण’ असे ऐकवीत चालले नव्हते.

बोगालुसाच्या त्या गोळीबारानंतर सत्तर दिवसांनी, ३१ जानेवारी १९२० रोजी, मुंबईत ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तारखा शेजारी ठेवाव्याशा वाटतात, एवढेच.

या माणसांची भाषा, गाणी, गोष्टी नाहीशा झाल्या असत्या. लाकूडतोडीच्या छावण्यांतल्या दारूच्या गुत्त्यांवर पियानोची जी दणकेबाज तऱ्हा घडली तिने पुढे अमेरिकेला नाचायला लावले. १९२८ साली झोरा नील हर्स्टन ही काळी लेखिका फ्लोरिडात पोल्क परगण्यातील लॉफमनच्या सॉ मिल छावणीत जाऊन राहिली. तिथल्या मजुरांच्या तोंडच्या गोष्टी तिने टिपून घेतल्या आणि ‘म्यूल्स अँड मेन’ या नावाने त्या १९३५ साली प्रसिद्ध झाल्या. चतुर गुलामाने मालकाला कसे बनवले, याच्या त्या थापा आहेत. ज्यांना यंत्रासारखे मुके समजले जाई ते एकमेकांशी काय बोलत, ते त्या पुस्तकात आहे. जुन्या गिरणीच्या शौकिनाने वाचावे असे पुस्तक मला कोणी विचारले तर यंत्रशास्त्राचे सोडून मी हे सांगेन.

जंगल संपले आणि १९३८ साली बोगालुसाची गिरणी बंद पडली; गाव कागद गिरणीवर जगू लागले. कामाच्या रांगा मात्र त्याच राहिल्या, काळ्यांच्या वेगळ्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या. या रांगांविरुद्धचा खटला वरिष्ठ न्यायालयात गेला. १९६९ साली निकाल लागला की, जुन्या भेदभावाचे फळ ज्येष्ठतेच्या नियमातून पुढे चालवता येणार नाही. राखीव जागा आणि ज्येष्ठता यांवर आपल्याकडे जे वाद होतात त्यांत तो निकाल उपयोगी पडावा. त्याच साली, त्याच राज्यात लाँग लीफ येथील क्रोवेल कंपनीची १८९२ ची लाकूडगिरणी बंद झाली. यंत्रे होती तिथेच राहिली. आज तिथे संग्रहालय आहे, आणि वाफेच्या काळाचा एवढा अखंड अवशेष दक्षिणेत क्वचितच सापडेल.

ब्लॅक पँथरचा एक संस्थापक ह्यूई न्यूटन याच लुइझियानात, मन्रो येथे, १९४२ साली जन्मला. त्याचे वडील वॉल्टर न्यूटन हे सॉ मिलमध्येही राबले होते. मुलाने आत्मचरित्रात ते नोंदवले आहे. १९७२ साली मुंबईत ज्यांनी स्वतःला दलित पँथर म्हणवून घेतले त्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्याही आधी बोगालुसात काळ्यांनी स्वसंरक्षणासाठी बंदूक हाती घेतली होती. फेब्रुवारी १९६५ मध्ये कागद गिरणीतला कामगार रॉबर्ट हिक्स याने नागरी हक्क चळवळीच्या दोन गोऱ्या कार्यकर्त्यांना घरी ठेवून घेतले. क्लॅनचा जमाव येणार असा निरोप पोलिसांकडूनच आला. हिक्स दांपत्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन केले, आणि थोड्या वेळात हत्यारे घेतलेली माणसे घराभोवती उभी राहिली. ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ या संघटनेची बोगालुसा शाखा अशी सुरू झाली. त्या रस्त्याला आज हिक्स यांचे नाव आहे. ते लाकडी घर २०१५ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंदले गेले.