टाकाऊ वायूचें मोल

श्रोतेहो, हवा व नदी स्वच्छ राखावयाची तर धंद्याला खोट सोसावी लागणार, असें पुष्कळ कारखानदार आजहि म्हणतात. हें म्हणणें कितपत खरें, याचा निवाडा इतिहासाकडून घ्यावा म्हणून इंग्लंडांतील सोड्याच्या धंद्याची हकीकत मी आपणांस सांगणार आहें.

कांच, साबण व कापड या तिन्ही धंद्यांना सोडा लागतो. १७९१ सालीं निकोलस लेब्लाँ या फ्रेंच गृहस्थानें मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचें पेटंट मिळविलें. १८२३ सालीं जेम्स मस्प्रॅट यानें लिव्हरपूल येथें तसा कारखाना काढला. पुढें सेंट हेलेन्स व विडनेस हीं गांवें या धंद्याचीं आगरें बनलीं. प्रथम मिठावर गंधकाचें तेजाब ओतावयाचें व उरलेला क्षार कोळसा आणि चुनखडी यांसह भट्टींत भाजावयाचा, अशी ती कृति. परंतु पहिल्याच पायरीला हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायु सुटे व धुराड्यांतून आकाशांत जाई. ओलसर हवेंत त्याचें तेजाब बनून तें पिकांवर उतरे. पानें करपत, झाडें वाळत, माणसांना ठसका लागे. भट्टींतील गाळाचे ढीग भोंवतालीं सांचत, त्यांची दुर्गंधि निराळीच. मालकांनीं धुराडीं उंच केलीं. वायु मात्र नाहींसा झाला नाहीं, तो दूरच्या शेतांवर जाऊन पडला.

वस्तुतः उपाय ठाऊक होता. १८३६ सालीं विल्यम गॉसेज यानें मनोऱ्यांत काटक्या भरून वरून पाणी सोडलें व त्यांतून हा वायु नेला. पाण्यानें तो शोषून घेतला. पण त्या तेजाबाला पुरेसें गिऱ्हाईक नव्हतें, म्हणून तें ओढ्यांत सोडून देत. हवेचें दुखणें पाण्याला जडलें!

शेवटीं लॉर्ड डर्बी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली आणि १८६३ सालीं ॲल्कली ॲक्ट झाला. या वायूपैकीं शेंकडा ९५ भाग कारखान्यांतच अडविला पाहिजे, असा त्याचा दंडक होता. पहिले इन्स्पेक्टर रॉबर्ट अँगस स्मिथ यांचा भर खटल्यांपेक्षां समजावून सांगण्यावर असे.

आतां सांचलेल्या तेजाबाचें करावयाचें काय? त्यापासून क्लोरीन निघतो, आणि क्लोरीन चुन्यांत मुरविला कीं ब्लीचिंग पावडर होते. कापड व कागद शुभ्र करण्यास तिची मागणी मोठी. अडचण होती ती मँगॅनीज खनिजाची. तें महाग, आणि एकदां वापरलें कीं वायां जाई. वॉल्टर वेल्डन यानें चुना व हवा यांच्या साहाय्यानें तें पुनः उपयोगांत आणलें. हेन्री डीकन यानें तर तांब्याच्या क्षाराच्या योगानें हवेकडूनच काम करून घेतलें. फेंकून देण्याची वस्तु विक्रीचा माल झाली.

तिचें खरें मोल पुढें कळलें. बेल्जमचा एर्नेस्ट सॉल्व्हे याच्या नव्या कृतीनें सोडा अधिक स्वस्त होऊं लागला, आणि लेब्लाँच्या सोड्यांत फायदा उरेना. त्या वेळीं जुने कारखाने तरले ते ब्लीचिंग पावडरीवर! पुढें विजेच्या योगानें मिठाच्या पाण्यांतून क्लोरीन काढतां येऊं लागला, तेव्हां हाहि आधार गेला व जुनी कृति अस्तास गेली. काटकसर नव्या विद्येची जागा घेऊं शकत नाहीं. परंतु तिनें त्या धंद्याचें आयुष्य कित्येक वर्षांनीं वाढविलें, हें निर्विवाद.

श्रोतेहो, यांतील मर्म साधें आहे. मीठ विकत घेतांना त्यांतील क्लोरीनचेहि दाम मालकानें मोजलेच होते. कायद्यानें हात धरीपर्यंत चाळीस वर्षें तो तें धन धुराड्यावाटे उधळीत होता. त्या चाळीस वर्षांत शेतकऱ्याच्या पिकाचें व मजुराच्या छातीचें जें नुकसान झालें, तें मात्र कोणत्याहि नफ्यानें भरून आलें नाहीं. म्हणून ज्याला आपल्या धंद्याचा हिशेब नीट पाहावयाचा असेल, त्यानें तिजोरीबरोबर धुराडें आणि मोरीहि तपासावी. आणि कायदा दारांत येण्यापूर्वींच तपासावी.