पगडी: डोक्यावरची आणि दुकानाची

उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला भाड्याच्या व्यवहारात परके शब्द फारसे भेटत नाहीत. मालक, दुकान, कब्जा, करार, वारस, इजारा हे शब्द थोड्या फरकाने दोन्ही भाषांचे आहेत. ‘पगडी’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. शब्दकोशात ती डोक्यावर असते आणि अंधेरी-घाटकोपरच्या बाजारात दुकानावर. हीच रक्कम कलकत्त्यात ‘सलामी’ होते. दोन्ही शब्द मानाचे आहेत, पण ज्या पैशाला ते चिकटले तो पैसा पन्नास वर्षे चोरून द्यावा लागला. असे का झाले?

मुंबईत भाड्यावर पहिले बंधन १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत आले. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि फाळणीच्या गर्दीत १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच साधारणपणे ‘प्रमाण भाडे’ ठरले. कराराची मुदत संपली तरी भाडे भरणाऱ्याला मालक सहज काढू शकत नव्हता. त्यामुळे नूतनीकरणाचा प्रश्न बहुतेकांपुरता मिटला. करार कपाटात राहिला आणि दुकान महिन्याच्या पावतीवर चालू राहिले.

या कायद्याची दुसरी बाजू कडक होती. कलम १५ ने पोटभाडेकरू ठेवणे आणि भाडेहक्क दुसऱ्याला देणे बंद केले. भाडेपट्टा देताना किंवा वाढवताना मालकाने वेगळी रक्कम घेणे हा गुन्हा ठरला. जागा सोडताना भाडेकरूने पैसे घेणे हाही गुन्हाच. म्हणजे बसण्याला संरक्षण मिळाले, पण देण्याघेण्याला बंदी झाली. भाडे गोठले आणि जागेची किंमत चढत गेली. ती किंमत पावतीवर दिसू शकत नव्हती, म्हणून रोख रकमेत शिरली.

कायद्याने एक खिडकी मात्र उघडी ठेवली होती. १९४८ च्या सरकारी अधिसूचनेने चालू धंदा, त्यातला माल आणि नावलौकिक यांसह पूर्ण विकला, तर त्याबरोबर जागेचा हक्क देण्यास परवानगी दिली. जुन्या दस्तांत ‘चालू धंदा मालासह व गुडविलसह’ हे शब्द दिसतात, त्यामागे हे कारण असते. काही वेळा माल खरा असे, काही वेळा चार रिकाम्या बरण्या. मालक लघुवाद न्यायालयात जाई आणि वाद एकाच प्रश्नावर येई: विकला तो धंदा की नुसती जागा?

पुढे ‘कंडक्टिंग’ आले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत होते, त्यांना कायद्याने भाडेकरू केले. मात्र दुसऱ्याचा चालू धंदा चालवणारा त्यातून वगळला. साहजिकच कागदावर ‘मी फक्त धंदा चालवतो’ असे लिहून घेण्याची रीत रुजली. सरकारने १९५९ मध्ये आणि पुन्हा १९८७ मध्ये जुने पोटभाडेकरू कायदेशीर करून घेतले. झालेले माफ होत गेले, पुढच्यासाठी बंदी तशीच राहिली.

मालकांचेही गाऱ्हाणे खोटे नव्हते. १९४० च्या भाड्यात इमारतीची डागडुजी कशी होणार? गोठलेले भाडे आता अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. कलम ५६ ने पगडीला उजेडात आणले. भाडेपट्टा देताना, वाढवताना किंवा हस्तांतरणाला संमती देताना मालक रक्कम घेऊ शकतो आणि हक्क सोडताना भाडेकरूही घेऊ शकतो. कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले.

हा प्रश्न फक्त मुंबईचा नाही. अरब देशांत याला ‘बदल-अल-खुलू’ म्हणतात. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये त्यावर ठराव केला. मुदत शिल्लक असताना भाडेकरूने मोबदला घेऊन हक्क दुसऱ्याला देणे, मूळ करार आणि देशाचा कायदा पाळून, जायज ठरवले. मुदत संपल्यावर मालकाच्या संमतीविना घेणे नाजायज ठरवले. म्हणजे दीन आणि कायदा दोघेही एकच विचारतात: संमती कुठे आहे?

आपल्या घरांत हा प्रश्न बाप गेल्यावर निघतो. दुकानातला माल आणि पैसा वारसांत फरायजप्रमाणे वाटता येतो. भाडेहक्काची वाट वेगळी आहे. कायद्याप्रमाणे तो दुकान वापरणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. तसा कोणी नसेल तर वारसाकडे, आणि आपसांत जमले नाही तर कोर्ट ठरवते. धाकट्या भावाने आयुष्य गल्ल्यावर काढलेले असते, पावती मोठ्याच्या नावावर असते, आणि बहिणीला विचारलेलेही नसते. आता उपनगरांत जुन्या इमारती पाडून नव्या होत आहेत. पुनर्विकासाच्या वेळी भाडेकरूंच्या यादीत नाव कोणाचे, हे पावती आणि करारावरून पाहिले जाते.

पालक कधी असे कागद वाचून घ्यायला माझ्याकडे आणतात. मी तीन गोष्टी पाहायला सांगतो: पावती कोणाच्या नावावर आहे, हस्तांतरणाला मालकाची लेखी संमती आहे का, आणि कराराची नोंदणी झाली आहे का. एकही उत्तर ‘नाही’ असेल तर वडील हयात असतानाच वकिलाकडे जा, बहिणींनाही बरोबर बसवा. ‘जबान दिली होती’ हे सांगणारा माणूस उद्या नसेल.